पृथ्वीचे माप आणि आपला बांध

दोघेही खरे, माप खोटे

मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, एक वाडी आहे असे धरा. त्या वाडीत दोन भाऊ होते. थोरला गावी राहून शेती करी. धाकटा मुंबईला माथाडीचे काम करी. आपल्या जावळी तालुक्यात अशी घरे पुष्कळ आहेत.

वडील वारले. भावांनी जमीन वाटून घेतली. श्रावण महिना होता. पावसाची झिमझिम चालू होती. मोजायला घरातला बैलाचा कासरा घेतला. एक टोक थोरल्याने धरले, दुसरे धाकट्याने. धाकट्याच्या वाट्याला रुंदीत दहा कासरे जमीन आली. मध्ये बांध घातला. दोघेही समाधानाने घरी आले.

पुढे दोन वर्षांनी धाकटा चैत्रात यात्रेला गावी आला. त्याला वाटले, आपली जमीन एकदा मोजून पाहावी. त्याने तोच कासरा घेतला. नऊ कासरे बसले. पण दहावा काही पुरा बसेना. चार हात जमीन कमी भरली.

धाकटा म्हणाला, "दादा, माझी जमीन चार हात कमी झालीया. बांध सरकलाय."

थोरला म्हणाला, "आरं, आबांच्याच कासऱ्यानं मोजलंय. दुसरं टोक तूच धरलं हुतंस. म्या बांधाला हात लावला न्हाय."

"मग चार हात गेलं कुठं?"

बोलण्याने बोलणे वाढले. दोन घरांचे येणेजाणे बंद झाले. जावाजावा पाणवठ्यावर एकमेकींकडे बघेनात. म्हातारी आई मधल्या मध्ये रडत बसली.

आता तुम्ही म्हणाल, यात लबाड कोण? लबाड कोणीच नाही! कासरा सुताचा होता. सुताची दोरी भिजली की आखडते. वाळली की पुन्हा लांब होते. श्रावणात भिजलेला कासरा आखूड होता. चैत्रात वाळलेला कासरा लांब झाला. म्हणून श्रावणातले दहा कासरे चैत्रात भरले नाहीत. भाऊ दोघेही खरे होते. माप खोटे होते.

ही गोष्ट आम्ही समजावून सांगण्यासाठी रचली आहे. पण अशी भांडणे गावोगाव आहेत. बांधापायी भाऊ भावाला परका होतो. शेत विकून कोर्टाचा खर्च भागवावा लागतो. माप पक्के नसले, तर खरी माणसेही एकमेकांना खोटी ठरवतात.

मग पक्के माप कुठून येते? ते फार लांबून येते. आपला बांध नीट मोजायचा, तर त्याच्याही आधी कोणीतरी सारी पृथ्वी मोजावी लागते. ऐकून नवल वाटेल. पृथ्वी मोजण्याच्या या शास्त्राला भूगणित म्हणतात. आज आपण त्याचीच ओळख करून घेऊ.

काठी आणि साखळी

जमीन मोजण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळी अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली. त्या मोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी लांब होती. वीस काठी लांब आणि वीस काठी रुंद जमीन म्हणजे एक बिघा. एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. यातली खरी गोष्ट काठीची नव्हे. ती सर्वांना एकच होती, हे महत्त्वाचे. हात प्रत्येकाचा निराळा असतो. पण काठी एकच ठरवली, की तंट्याला जागा कमी राहते.

पुढे इंग्रजांचा अंमल आला. त्यांनी लोखंडी साखळी आणली. आपल्या मुंबई इलाख्यात ती ३३ फूट लांब असे. एका साखळीचे सोळा आणे धरीत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपल्या तोंडातला गुंठा हा असा साखळीतून आला आहे. आता सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहितात. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जमीन म्हणजे एक आर. गुंठ्यापेक्षा आर अगदी किंचित लहान आहे. शंभर आर म्हणजे एक हेक्टर.

साखळी दोरीसारखी भिजून आखडत नाही. पण तिलाही खोड आहे. ती उन्हाने लांबते. ओढून ओढून तिच्या कड्या झिजतात आणि ती आणखी लांबते. साखळी एक इंच लांबली, तर दहा साखळ्यांत दहा इंच चुकले. शेत ओलांडून गाव, गाव ओलांडून तालुका असे मोजत गेलो, तर चूक वाढतच जाते.

नुसते माप चुकले तर काय होते, हे पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे मोजणी करून नवा सारा बसवला. मोजणीत चुका होत्या. सारा भारी होता. शेतकऱ्यांना तो झेपेना. कित्येकांनी जमिनी पडीक टाकल्या, कित्येक गाव सोडून गेले. मग १८३६ पासून इंदापूर तालुक्यात नवी मोजणी लागू झाली आणि सारा उतरवला. तीच पद्धत पुढे आपल्या भागात आली. "मोजणीवाला आला, आता सारा वाढणार," ही जी जुनी धास्ती आहे, ती अशी उगवली. लोकांना न समजावता केलेली मोजणी लोकांना संकट वाटते. समजावून केली, तर तीच आधार होते.

नदी न ओलांडता नदीचे माप

आता एक युक्ती शिकू. आषाढात मेढ्याजवळ वेण्णा नदी दुथडी भरून वाहते. पलीकडच्या काठावर एक झाड आहे. पाण्यात पाय न घालता ते झाड किती लांब आहे, हे सांगता येईल का?

येईल. अलीकडच्या काठावर दोन खुंट्या ठोका. दोहोंत बरोबर शंभर फूट अंतर ठेवा. एका फळीवर कागद लावा. कागदावर दहा बोटे लांब रेघ काढा. म्हणजे एक बोट म्हणजे दहा फूट. आता फळी पहिल्या खुंटीवर ठेवा. कागदावरची रेघ दुसऱ्या खुंटीच्या दिशेने धरा. मग पट्टीवरून झाडाकडे नेम धरून झाडाच्या दिशेने रेघ ओढा. नंतर दुसऱ्या खुंटीवर जा. तिथेही तसेच करा. दोन्ही रेघा कागदावर जिथे एकमेकींना मिळतील, तेच झाड. आता पहिल्या खुंटीपासून तिथपर्यंत किती बोटे अंतर आहे ते मोजा. सात बोटे भरली, तर झाड सत्तर फूट लांब.

पाहा, नदी ओलांडली नाही, पण अंतर कळले. हा त्रिकोणाचा गुण आहे. एक बाजू मोजा, दोन कोन बघा, बाकीच्या दोन बाजू आपोआप कळतात. तीन पायांची फळी घेऊन शेतात उभा राहणारा मोजणीदार तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. तो हेच करीत असे.

आता मोठा विचार करा. कळलेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण रचता येतो. त्याच्यावर तिसरा. या डोंगरावरून त्या डोंगरावर, त्या डोंगरावरून पुढच्या डोंगरावर. दऱ्या, नद्या, जंगले मध्ये आली तरी अडत नाही. साखळी एकदाच धरायची, पण ती अतिशय जपून. पुढचे काम डोळ्यांनी आणि गणिताने करायचे.

मद्रासपासून हिमालयापर्यंत

असे काम आपल्या देशात खरोखर झाले. १८०२ साली लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ पहिली रेघ मोजली. ती सुमारे साडेसात मैल लांब होती. ऊन लागून साखळी लांबू नये म्हणून तिच्यावर सावली धरली. ही एक रेघ मोजायला जवळजवळ दोन महिने लागले. पाया पक्का, तर घर पक्के!

त्या रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत ही माणसे चालत निघाली. कोन पाहायला मोठी दुर्बीण होती. तिचे वजन सुमारे अर्धा टन, म्हणजे पाच क्विंटल. ती डोंगरावर चढवायची, नाहीतर देवळाच्या शिखरावर. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर ती चढवताना दोर तुटला आणि दुर्बीण भिंतीवर आदळली. लॅम्बटनने ती स्वतः खपून दुरुस्त केली.

हे काम साहेबाने एकट्याने केले नाही. ओझी वाहणारे, डोंगरमाथ्यावर निशाण धरून उभे राहणारे, जंगल तोडणारे शेकडो खलाशी आपल्याच देशातले होते. कित्येक जण हिवतापाने मेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

लॅम्बटन काम करता करताच वारला. १८२३ च्या जानेवारीत, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट गावी. त्याची कबर तिथे आहे. पुढे एव्हरेस्ट नावाच्या अधिकाऱ्याने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. कन्याकुमारीपासून तिथपर्यंत ही त्रिकोणांची माळ सुमारे २४०० किलोमीटर लांब आहे.

याच मोजणीतून हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराची उंची निघाली. हिशेब करण्यात राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती पुढे होते. १८५६ साली ही उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी नव्या साधनांनी मोजून ८८४८.८६ मीटर उंची जाहीर केली. ती सुमारे २९,०३२ फूट होते. शंभर मैलांवरून दुर्बिणीने पाहून केलेल्या हिशेबात फरक पडला तो अवघा तीस फुटांचा!

या मोठ्या मोजणीतून ठिकठिकाणी पक्के दगड रोवले गेले. कुठे डोंगरमाथ्यावर, कुठे जुन्या सरकारी इमारतीच्या जोत्यावर. त्यांवर चौकोन किंवा अक्षरे कोरलेली असतात. असा दगड म्हणजे मोजणीचा साक्षीदार. त्याची जागा, नाहीतर उंची, एकदा पक्की ठरवलेली असते. तालुक्याचे, जिल्ह्याचे, राज्याचे नकाशे अशा साक्षीदारांच्या भरवशावर एकमेकांना जुळतात.

उंची कुठून मोजायची?

पावसाळ्यात आपण बातमी वाचतो. "कोयना धरणाची पाणीपातळी २१६० फुटांवर." धरण काठोकाठ भरले, की ही पातळी सुमारे २१६३ फूट होते. मग कोयनेचे पाणी दोन हजार फूट खोल आहे का? नाही. धरणाची भिंतच सुमारे १०३ मीटर, म्हणजे ३३८ फूट उंच आहे. हा २१६३ चा आकडा समुद्राच्या पातळीपासून मोजलेला आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरही समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते.

पण समुद्र तर रोज वर-खाली होतो. भरती येते, ओहोटी येते. मग त्याची पातळी कोणती धरायची? यासाठी मुंबईला अपोलो बंदरावर, तसेच इतर बंदरांवर, समुद्राचे पाणी वर्षानुवर्षे मोजले. त्या सगळ्याची सरासरी काढली. अशी नऊ बंदरे धरून १९०९ साली देशाची उंचीची पातळी पक्की झाली. मग तिथून घाट चढत, थोड्या थोड्या अंतरावर पातळी घेत, ती देशभर नेली. गवंडी पाण्याची नळी धरून भिंतीची पातळी घेतो ना? काम तसेच, पण शेकडो मैलांचे.

हा आकडा जावळीच्या माणसाला नवा नाही. कोयनेचे धरण झाले, तेव्हा पाणी कुठवर चढणार याची रेघ अशाच उंचीवरून ठरली. त्या रेघेखाली आपल्या तालुक्यातली गावेच्या गावे गेली. माणसे घरदार सोडून लांबच्या जिल्ह्यांत जाऊन वसली. रेघेच्या खाली घर आहे का वर आहे, यावर एका कुटुंबाचा सारा जन्म फिरला. असा आकडा चुकून चालत नाही. आणि ज्याचे घर जायचे आहे, त्याला तो आकडा कुठून आला हे कळले पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

यात आणखी एक गंमत आहे. पृथ्वी गोल आहे, पण चेंडूसारखी नेमकी गोल नाही. मोसंब्यासारखी वर-खाली थोडी चपटी आहे. शिवाय तिची ओढ सगळीकडे सारखी नाही. कुठे जमिनीच्या पोटात जड खडक आहे, कुठे हलका. ओढ जशी कमी-जास्त, तशी समुद्राची पातळीही वर-खाली. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात एक जागा आहे. गणिताने काढलेल्या गुळगुळीत पृथ्वीपेक्षा तिथला समुद्र सुमारे शंभर मीटर खाली बसलेला आहे. डोळ्यांना तो खड्डा दिसत नाही. बोटीलाही चढ-उतार लागत नाही. कारण ओळंबाही त्या ओढीप्रमाणेच लटकतो.

याचा आपल्याला काय उपयोग? पाणी कुठून कुठे वाहील, हे या ओढीवर ठरते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळाने वाडीत आणायचे असेल, कालवा काढायचा असेल, तर ही खरी उंची लागते.

आकाशातले साक्षीदार

आता नवी मोजणी पाहू. वीज चमकली, की गडगडाट मागून ऐकू येतो. तीन सेकंदांनी आला, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर होती. म्हणजे वेळ मोजली, की अंतर कळते.

उपग्रहाची मोजणी अशीच चालते. माणसाने आकाशात उपग्रह सोडले आहेत. अमेरिकेचे आहेत, रशियाचे आहेत, युरोपचे आणि चीनचे आहेत. आपल्या देशानेही २०१३ ते २०१६ या काळात या कामासाठी आपले उपग्रह सोडले. त्या योजनेचे नाव नाविक. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते. तो सारखा सांगत असतो, "मी इथे आहे, आणि आता इतके वाजले." ती हाक आपल्या यंत्रापर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. चार उपग्रहांपासूनचे अंतर कळले, की आपली जागा कळते. ही हाक एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावते. म्हणून घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी माप तीनशे मीटरने चुकते!

खिशातला मोबाईल याच युक्तीने रस्ता दाखवतो. पण त्याच्यात काही मीटरचा फरक पडतो. रस्ता शोधायला तेवढे चालते. बांध मोजायला चालत नाही. पाच मीटर म्हणजे अकरा हातांचे भांडण!

यावर उपाय निघाला आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर पक्की ठाणी उभारली आहेत. त्यांची संख्या एक हजारावर आहे. आपल्या राज्यात सत्तरहून अधिक आहेत. ठाण्याची जागा आधीच पक्की ठाऊक असते. उपग्रहाचे माप तिथे किती चुकते, हे ठाणे रात्रंदिवस बघते आणि ती चूक मोजणीदाराच्या यंत्राला कळवते. यंत्र तेवढी चूक वजा करते. मग फरक उरतो तो फक्त दोन-चार बोटांचा. या यंत्राला रोव्हर म्हणतात. काठीच्या टोकावर बसवलेली गोल डबी, असे ते दिसते. भूमि अभिलेख खात्याचे मोजणीदार आता हे यंत्र वापरतात. पूर्वी मोजणीला जितका वेळ लागे, त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळात काम होते.

तरी या यंत्राला मोकळे आभाळ लागते. आपल्या खोऱ्यात दोहोंकडे डोंगर उभे, वर गर्द झाडी, आणि मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. अशा जागी मोजणीदाराला दुसरी दुर्बीण लावावी लागते. यंत्र नवे आहे म्हणून ते सगळीकडे चालेलच, असे नाही.

गावठाणातल्या घरांचेही काम निघाले आहे. पूर्वी पुष्कळ गावठाणांत घरांचा नकाशाच नव्हता. घर पिढ्यान्‌पिढ्या आपले, पण दाखवायला कागद नाही. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजून पाहिले. पुढे २०२० साली देशभर स्वामित्व योजना सुरू झाली. लोक आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतात. वरून ड्रोन छायाचित्रे घेतो. त्यावरून नकाशा होतो आणि घरमालकाला सनद मिळते.

भूकंप, पूर आणि मोजणी

जमीन स्थिर आहे, असे आपण म्हणतो. तशी ती नाही. सारा भारत देश दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. आपली नखे जितकी वाढतात, साधारण तितका. म्हणून पक्क्या दगडाचा आकडाही शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्या जिल्ह्यातली जुनी माणसे विसरलेली नाहीत. कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेहून जास्त माणसे दगावली. त्यानंतर कोयना आणि वारणा भागात शास्त्रज्ञ जमिनीवर लक्ष ठेवून आहेत. पक्के खांब बसवून, उपग्रहांच्या मदतीने, जमीन कुठे किती सरकते ते त्यांनी मोजले आहे. भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे यातून सांगता येत नाही. तसे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. पण जमिनीवर ताण कुठे येतो आहे, हे यातून उमगते. घर कुठे आणि कसे बांधावे, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

पुराचेही तसेच. मेढ्याची वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे सांगलीला जाते. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस सांगलीकराच्या दारात जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले. आता पुलाजवळ ५७ फूट म्हणजे आपल्या गल्लीत किती? पूल, गल्ली आणि घराचा उंबरा, या तिन्हींची उंची एकाच पातळीवरून मोजलेली असेल, तरच हे सांगता येते. मग पाणी येण्याआधी म्हातारी माणसे, लेकरे आणि जनावरे हलवता येतात. मोजणी अशी जीव वाचवते.

पाणी, भूकंप आणि उपग्रह देशाची सीमा ओळखत नाहीत. म्हणून २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सभेने ठराव केला, की साऱ्या जगाने पृथ्वीच्या मापाचा एकच पाया मिळून राखावा. शिवकाळात राज्याला एक काठी होती. आता साऱ्या जगाला एक काठी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

आपण काय करावे?

आता त्या दोन भावांकडे परत येऊ. शेवटी आईने दोघांना जवळ बसवले आणि सरकारी मोजणी मागायला लावली. थोरला आणि धाकटा मेढ्याला कचेरीत गेले. अर्ज दिला, फी भरली. ठरल्या दिवशी मोजणीदार आला. शेजारीपाजारीही हजर होते. मोजणीदाराने जुना नकाशा काढला. कोपऱ्यातला हद्दीचा जुना दगड घाणेरीच्या झुडपात सापडला. तिथून मोजत आला. बांध जागेवर होता. फक्त एका टोकाला पावसाने माती वाहून वाकला होता, तो सरळ केला. मग मोजणीदाराने धाकट्याला कासरा भिजवून आणायला सांगितला. ओला कासरा आणि कोरडा दोर शेजारी शेजारी धरून दाखवला. धाकट्याने मान खाली घातली. "दादा, माझं चुकलं," म्हणाला. थोरला म्हणाला, "चुकलं कुणाचंच न्हाय. चल, भाकर खाऊ."

तो दगड कोणी उपटून टाकला असता, तर? तर भांडण मिटायला आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे. म्हणून आम्ही सांगतो ते ध्यानात धरा.

हद्दीचा दगड उपटू नका. नांगराला आडवा येतो म्हणून सरकवू नका. हद्दीच्या खुणा राखणे ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. त्या मोडल्या, तर महसूल कायद्याप्रमाणे दंड होतो. डोंगरमाथ्यावर किंवा जुन्या इमारतीवर कोरीव खुणेचा दगड दिसला, तर त्याला धक्का लावू नका. मुलांनाही सांगा.

मोजणीची नोटीस आली, तर त्या दिवशी हजर राहा. शेजाऱ्याची मोजणी असली, तरी जा. मुंबईच्या भावाला आधी कळवा. मागाहून तक्रार करण्यापेक्षा समोर उभे राहून विचारलेले बरे.

मोजणीदाराला विचारा, "हे माप कुठल्या खुणेवरून घेतले?" विचारण्यात कसली लाज नाही. हद्दीच्या खुणा जमिनीवर दाखवून घ्या. मोजणीच्या नकाशाची क प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

मोजणी पटली नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. त्यासाठी काठ्या काढायची गरज नाही.

मोबाईलवर मोजून बांध फोडू नका. ते माप अंदाजाचे आहे.

आणि शेवटची गोष्ट. आता तुम्हाला वाचता येते. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. पूर्वी अंगठा उठवावा लागे, आणि कागदात काय आहे ते दुसरा सांगेल ते खरे. आता सातबारा हातात घ्या. गट नंबर वाचा. क्षेत्र वाचा. नकाशावर आपला तुकडा बोट ठेवून शोधा. सारी पृथ्वी मोजून काढलेला तो आकडा तुमच्या हातात आला आहे. तो समजून घेतलात, तर दोनशे वर्षे डोंगर चढलेल्या त्या माणसांचे श्रम कामी आले.

विचार करा आणि सांगा

१. ओल्या कासऱ्याने मोजलेली जमीन कोरड्या कासऱ्याने कमी का भरली?

२. नदी न ओलांडता पलीकडचे झाड किती लांब आहे, हे कसे काढाल? चार जण मिळून करून पाहा.

३. कोयना धरणाची पातळी २१६३ फूट म्हणजे कुठून मोजलेली?

४. तुमच्या शेताच्या हद्दीचे दगड जागेवर आहेत का? उद्या जाऊन पाहा.